घोडीवर बसलं की श्वास अडकतो: प्राणायाम, रायडिंग आणि छडी न वापरता शिकणं कसं जमवायचं?

वैदेही_कोथरूड

नमस्कार मंडळी. वय ४६, कोथरूडला राहते. गेल्या पावसाळ्यापासून शनिवार-रविवार सकाळी पौड रस्त्याच्या बाजूला एका रायडिंग क्लासला जाते. योग मात्र जुना आहे, कॉलेजात असल्यापासून. अय्यंगार पद्धतीचा, म्हणजे बेल्ट, ब्लॉक, दोऱ्या, खुर्ची सगळं घेऊन. रोज पहाटे प्राणायाम. मधल्या काळात आईचं आजारपण झालं, मग ती गेली, त्यातच ऑफिसचा ताण, आणि माझी झोपच उडाली. उपचार चालू होतेच. डॉक्टर म्हणाले, घराबाहेर पडाल आणि अंग हलेल असं काहीतरी धरा. घोड्यांची ओढ लहानपणापासून होती, म्हणून हे धरलं.

मला दिलेली घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली आहे. कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाची, कपाळावर टिळा, नाव चांदणी. मला ती फार आवडते. पण तीन गोष्टी अडतात.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती मान वळवून दात दाखवते. रिकिबीत पाय ठेवला की मी नीट बसायच्या आधीच चालू लागते. आणि दुडकीत (चालीपेक्षा जलद, उसळत्या पावलांत) आली की वेग वाढवत जाते, मी लगाम खेचला की आणखी जोरात. मी घाबरते, मग मन शांत करायला दीर्घ श्वास घेऊन रोखून धरते. घरी याने मला लगेच शांत वाटतं. तिच्यावर बसून केलं की ती लाकडासारखी ताठ होते.

आमचे सर म्हणतात, "तिला दाखवा मालक कोण आहे," आणि हातात छडी देतात. मला छडी नको आहे. प्रेमाने शिकवण्याचे व्हिडिओ खूप पाहिले, पण ती सगळी अमेरिकेतली माणसं, स्वतःचा घोडा, स्वतःचं कुरण. माझ्याकडे एक सामायिक रिंगण, बरोबर आणखी पाच-सहा जण आणि पाऊण तास. एवढ्यात काय करता येईल?

सिंहगडरोड_रायडर

ताई, माझाही अनुभव असाच आहे, शर्यतीतले घोडे सुरुवातीला जड जातात. क्लासमध्ये एखादं वयस्कर, शांत तट्टू असेल तर काही दिवस त्याच्यावर बसा. आणि हेल्मेट आपल्या मापाचं, स्वतःचं घ्या. क्लासमधली ढिली असतात.

मुळशीची_पागा

वैदेही, तुमच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, म्हणून एकेक घेते. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट, आता साठीत आहे. मुळशीकडे माझ्या दोन घोड्या आहेत, त्यातली एक चांदणीसारखीच शर्यतीतून आलेली.

आधी तंग, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. तंग आवळताना दात दाखवणारी घोडी बहुतेक वेळा दुखतंय म्हणून सांगत असते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, पोटात चारा असो वा नसो. निसर्गात तो दिवसभर थोडं थोडं चरतो आणि चावताना सुटणारी लाळ ते आम्ल शमवते. शर्यतीच्या तबेल्यात दाणा जास्त, चारा ठरावीक वेळी आणि कामाचा ताण, त्यामुळे या घोड्यांमध्ये जठराचे व्रण अगदी सर्रास आढळतात. पोटाजवळ पट्टा आवळला की कळ येते. दुसरं कारण खोगीर न बसणं. त्यामुळे पहिलं काम पशुवैद्याला दाखवणं: पोट, पाठ, दात आणि खोगिराचं माप. दुखणाऱ्या जनावराला कितीही प्रेमाने शिकवा, ते शिकणार नाही, आणि छडीने तर मुळीच नाही. वैद्य येईपर्यंत एवढं तरी करा: रपेटीआधी तिला मूठ-दोन मूठ घास किंवा सुका चारा खायला द्या, आणि तंग एका दमात न आवळता टप्प्याटप्प्याने घ्या. आधी फक्त लागेल इतका, मग दहा पावलं चालवून एक भोक, मग आणखी एक. शेवटी खाली सपाट बोटं सरकली पाहिजेत.

आता चढताना चालू लागणं आणि लगाम खेचल्यावर पळणं. इथे चांदणी अजिबात हट्ट करत नाहीये. तिला जे शिकवलंय तेच ती इमानेइतबारे करतेय. शर्यतीच्या घोड्यावर जॉकीला अनेकदा चालता चालताच उचलून बसवतात. पाठीवर वजन आलं म्हणजे निघायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं आहे. पळताना जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर रेलून धावतो. म्हणजे तुम्ही खेचता तेव्हा तिला ऐकू येतं, "चल, धाव." आणि तुमचे दोन्ही पाय तिच्या बरगड्यांना लागतात ही भाषा तर तिच्यासाठी नवीनच आहे, कारण जॉकी आखूड रिकिबीवर वर उभा असतो. तिला नवी भाषा शिकवावी लागेल. मालक कोण, हा प्रश्न इथे येतच नाही.

आणि श्वास. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. कळपातल्या एकाने श्वास रोखला, मान ताठ केली, की बाकीचे कान टवकारतात. श्वास रोखणं म्हणजे धोका, ही त्यांची जुनी खूण आहे. तुम्ही कुंभक करता, म्हणजे श्वास रोखता, तेव्हा तुमच्या मनात शांती असेल, पण छाती भरलेली, पोट घट्ट, कंबर कुलूप लावल्यासारखी. ज्या कातडीला एक माशी बसलेली कळते आणि जी तेवढ्याच जागी थरथरून माशी उडवते, त्या कातडीवर तुम्ही बसला आहात. तिला हे कळणारच. २००९ साली स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा धरून, आणि काहींना घोड्यावर बसून, ठरावीक अंतर चार वेळा पार करायला सांगितलं. चौथ्या खेपेआधी सांगितलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं.

म्हणून घोडीवर कुंभक नको. पूरक (श्वास आत घेणं) मोजत बसू नका, फक्त रेचक (श्वास बाहेर सोडणं) लांबवा. श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती आपसूक उतरते, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊकच आहे. खोगिरावर त्याचा दुसरा फायदा असा की लांब रेचकात बैठकीची हाडं खाली टेकतात आणि मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, जड होते. सॅली स्विफ्ट नावाच्या अमेरिकन प्रशिक्षिका होत्या. त्यांच्या पाठीच्या कण्याला लहानपणापासून बाक होता. त्यांनी स्वारीची शिकवण ज्या चार गोष्टींवर उभी केली त्यात मऊ नजर आणि श्वास या दोन होत्या. मऊ नजर म्हणजे घोडीच्या मानेकडे टक लावून न पाहता समोरचं सगळं रिंगण डोळ्यांत येऊ देणं. तुम्ही योगवाल्या, तुम्हाला हे पटकन जमेल.

करून पाहायचं ते असं. दुडकीत नको, आधी साध्या चालीत. रिंगणातली एक खूण ठरवा, समजा कुंपणाचा एखादा खांब. खांब चार पावलांवर आला की श्वास सोडायला सुरुवात करा. खांद्यापासून नव्हे, बेंबीखालून. सोडता सोडता कंबरेचं हलणं थांबवा, म्हणजे तिच्या चालीबरोबर जे तुम्ही मागेपुढे झुलता ते बंद. हात अजून मऊ. खांबाशी आलात आणि ती थांबली नाही तरच लगामाची बोटं मिटा, खेचायचं नाही, फक्त मिटायची. ती थांबली, अगदी अर्धवट थांबली तरी, त्याच क्षणी बोटं उघडा आणि मानेवर हात ठेवा. काही फेऱ्यांनंतर तिला श्वासातच उत्तर सापडू लागेल आणि लगाम लागणार नाही. हे जमल्यावर दुडकीतून चालीवर यायला हाच क्रम.

इथे सगळं त्या "त्याच क्षणी" वर आहे. हळुवार शिकवण म्हणजे दाब न देणं असं लोकांना वाटतं. खरं तर घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो. जमिनीवर उभं राहून हे हाताला शिकवता येतं. मोरखी (तोंडावर बांधायची दोरी, लगामाशिवायची) घालून चांदणीच्या बाजूला उभ्या राहा. दोरीने खालच्या दिशेला इतका हलका ताण द्या की फक्त दोरीतला झोळ जाईल. आता थांबा. ताण वाढवू नका, कमी करू नका. ती आधी डोकं वर नेईल, बाजूला वळवेल, कान हलवेल. हात तिच्या डोक्याबरोबर जाऊ द्या, ताण तेवढाच. कधीतरी मान बोटभर खाली येईल. तत्क्षणी दोरी ढिली. एक सेकंद उशीर झाला तर तुम्ही तिला भलतंच काहीतरी शिकवलेलं असतं. पुढच्या वेळी ती चार बोटं खाली येईल, मग छातीच्या खाली. खाली आल्यावर पाहा: पापण्या मिटमिटतात, ओठ चाटते, चघळल्यासारखं करते, नाकातून लांब फुरफुर. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, त्यामुळे ती फुरफुर म्हणजे तिचा रेचक समजा. याला रिंगण लागत नाही, स्वतःचं कुरण लागत नाही. तबेल्यासमोरची दहा फूट जागा पुरते. क्लासच्या आधी पंधरा मिनिटं लवकर जा.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगते. तुमची साधना पहाटे घरीच पूर्ण करून या. बद्धकोनासन, सुप्त बद्धकोनासन जरूर करा, जांघा आणि कंबर मोकळी असेल तर मांड आपोआप खोल बसते. पण आपलं दुःख घेऊन घोडीकडे जाताना तिच्याकडून काही मिळवायला जाऊ नका. तिचा दिवस कसा जातो ते विचारा. ती दिवसातले किती तास ठाणावर (तबेल्यातल्या तिच्या जागी) बांधलेली असते? शेजारी दुसरं घोडं दिसतं का, एकमेकांची मान खाजवता येते का? मोकळं सोडतात का? चारा दिवसभर असतो का? वीस-बावीस तास एकटी बांधलेली घोडी पाऊण तासात कोणाला शांती देऊ शकत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

रिसालदार_खडकी

मॅडमचं बहुतेक पटलं. पण एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर आहे. रिंगणात सहा घोडे आहेत, एक उधळला की सगळे उधळतात. तिथे बाई श्वास सोडत बसल्या आणि घोडी निघाली तर हाडं मोडतील. आधी पक्की मांड, आधी आणीबाणीत थांबवणं शिका. दोन्ही लगाम खेचून शर्यतीचा घोडा थांबत नाही. एक हात मानेवर टेकवून पक्का करायचा आणि दुसऱ्या लगामाने हळूहळू मोठं वळण घ्यायचं, वर्तुळ लहान करत आणायचं. झटका द्यायचा नाही, वेगात एकदम वळवलं तर घोडा घसरून पडतो. हे चालीत इतकं घोटा की झोपेत जमेल.

दुसरं, आमच्याकडे स्वार स्वतः खरारा करायचा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायचा. रपेटीआधी आणि नंतरही. मोतद्दारावर (घोड्याची देखभाल करणाऱ्या नोकरावर) सोडायचा नाही. खरारा करताना हाताला गरम जागा लागते, सूज लागते, घोडा कुठे अंग चोरतो ते कळतं. आधी घोड्याचं पाणी-दाणा, मग स्वाराचा चहा. हल्लीच्या क्लासमध्ये घोडा खोगीर घालून तयार मिळतो आणि उतरल्यावर लगाम दुसऱ्याच्या हातात जातो. मग ओळख होणार कधी?

छडीबद्दल: छडी पायाचा इशारा पुढे नेण्यासाठी असते, शिक्षेसाठी नाही. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्या हातात ती देऊ नये.

मुळशीची_पागा

रिसालदार साहेब, एका लगामाचं वळण मी लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात तर योग्यच आहे. वैदेही, हे आधी शिका, आणि ते सुद्धा रिंगणात तुमच्याशिवाय एखादाच घोडा असताना. ठामपणा आणि हळुवारपणा यांचं भांडण नाही. तीन वेळा पुटपुटत मागून चौथ्या वेळी झटका देणारा हात घोड्याला सगळ्यात जास्त घाबरवतो.

भीमाकाठचा

मी दौंडकडचा. आमच्याकडे हे शिकवायला कोणी क्लास लावत नाही, म्हणून वेगळं काही सांगतो. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याआधी परत येतात, हे पुण्याच्या वाटांवर तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या बरोबरची घोडी म्हणजे आपली भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातली, बुटकी, काटक, कडक खुरांची. मराठ्यांच्या फौजेत हेच तट्टू होतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलीय.

पाठीवर सगळा संसार. भांडी, पाल, बाजलं, वर कोकरं आणि कोंबड्या बांधलेल्या. तोंडात कडीयाळं (लगामाची लोखंडी कडी) नसतं बऱ्याच वेळा. पुढे एक म्हातारी घोडी चालते आणि बाकीच्या मागे. बाया नुसत्या तोंडाने आवाज देतात, ट्रकच्या हॉर्नमध्ये सुद्धा घोडं वाट सोडत नाही. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या बाजूला चालत असतं, माणसाचा हात, शेळ्यांचा गलका, मोटारी सगळं त्याला आईकडे बघून कळतं. आई बुजली नाही तर ते बुजत नाही. चांदणीला अशी एखादी शांत घोडी सोबत द्या, पुढे चालवा. निम्मं काम ती करेल.

वैदेही_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं वाचून क्लासच्या मालकांशी बोलले. लवकर येऊन खरारा करायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली. पशुवैद्य येऊन गेले, व्रणांचा संशय आहे म्हणाले, औषध सुरू केलंय आणि काही आठवडे पाठीवर कोणी बसायचं नाही असं सांगितलंय. ठाणावर आता जाळीत चारा टांगलेला असतो. तोवर मी फक्त मोरखीवरचं काम करतेय. मान खाली आणण्याचं पहिल्यांदा जमलं तेव्हा तिने जी फुरफुर केली ती मी घरी येऊन सगळ्यांना सांगितली.

भीमाकाठच्या दादांचं ऐकून सरांनी लीला नावाची म्हातारी घोडी तिच्या शेजारच्या ठाणावर बांधलीय. दोघी एकमेकींची मान खाजवतात.

एक नवीन प्रश्न. गणपती जवळ आले, क्लासपासून थोड्या अंतरावर ढोलपथकाचा सराव सुरू होतो. गेल्या वर्षी म्हणे चांदणीने भिंतीवर अंग घासून घेतलं होतं. काय करू?

मुळशीची_पागा

छान झालं, आणि वैद्यांनी दिलेला वेळ पूर्ण पाळा. मधेच बरी दिसली म्हणून बसू नका.

ढोलाचं काम आजपासूनच सुरू करा, पण खऱ्या ढोलाने नको. मोबाईलवर पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग घ्या. ती चारा खात असताना, लीला शेजारी असताना, लांबून, इतक्या बारीक आवाजात लावा की तिचा फक्त एक कान वळेल आणि चघळणं थांबणार नाही. चघळणं थांबलं म्हणजे आवाज जास्त झाला, कमी करा. दोन-तीन मिनिटं, मग बंद. दुसऱ्या दिवशी किंचित मोठा. कधीही आवाज मोठा ठेवून "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका. त्याने सवय होत नाही, घोडा आतून बंद पडतो आणि लोकांना तो शांत झाल्यासारखा दिसतो. माऊलींच्या पालखीचे अश्व रिंगणात लाखोंच्या गजरात धावतात. ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि पुढे पंढरपूरपर्यंत रोज टाळ-मृदुंगाच्या सोबत असतात. एका दिवसात कोणी त्यांना गर्दीत उभं केलेलं नसतं.

तरीही या वर्षी पुरेसे दिवस हाताशी नाहीत. म्हणून पथकाच्या सरावाच्या वेळा विचारून घ्या. बहुतेक पथकं संध्याकाळी वाजवतात, तुमचं काम सकाळीच ठेवा. संध्याकाळी तिला भिंतीकडच्या ठाणावर न बांधता शक्य असेल तर लीलाबरोबर आतल्या बाजूला मोकळं सोडायला सांगा, समोर भरपूर चारा. विसर्जनाच्या दिवशी कोणीतरी ओळखीचं माणूस तबेल्यात राहील असं बघा. आणि मालकांना विचारून पथकाच्या मुलांनाही एकदा भेटा. घोडी इथे आहे, औषधावर आहे, असं सांगितलं तर दिशा थोडी बदलायला ती मुलं नाही म्हणत नाहीत. आमच्याकडे तर दोघं जण दुसऱ्या दिवशी गाजरं घेऊन आले होते.